हृषीकेशची वारी आणि नागनदीचे ऋण

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की नागपूरच्या सुशिक्षित घरांतून एक नवा संकल्प सोडला जाऊ लागतो. पूर्वी असा संकल्प काशीचा असे, रामेश्वराचा असे, फार झाले तर बदरीकेदाराचा असे. आणि तो सोडणारे गृहस्थ बहुधा पेन्शनीत निघालेले, मुलींची लग्ने उरकलेले असत. सांप्रतचा संकल्प हृषीकेशचा आहे, आणि तो सोडणारी मंडळी पंचविशी ते चाळिशीतील कमावती स्त्रीपुरुष आहेत. आमच्या प्रताप नगरातही या यात्रेचे लोण चांगलेच पसरले आहे. हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून जावे, पाचसहा दिवस राहावे, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांस दोन गोष्टी सांगाव्या: एक, गंगेच्या लाटांवर रबरी होडीतून आपण कसे उधळलो गेलो, आणि दुसरी, पहाटे नदीकाठी चटईवर बसून आपण ‘योग’ कसा केला. या दोन्ही गोष्टींचे चित्रमय पुरावे मोबाईलमध्ये सिद्ध असतातच.

या प्रकारास आमचा विरोध आहे असे एकदम म्हटले, तर पन्नाशी उलटलेल्या मास्तरास तरुणांचे सुख पाहवत नाही, असा शेरा आमच्यावर मारला जाईल. तो मारला जाण्यापूर्वीच आमचे म्हणणे स्वच्छ शब्दांत मांडतो. प्रवास करू नये असे आम्ही म्हणत नाही. थंड पाण्यात उडी घेऊ नये असेही म्हणत नाही. आमचा वाद हृषीकेश या गावाशी नाही, तेथे पोट भरणाऱ्या गरीब पहाडी माणसाशी तर मुळीच नाही. आमचा वाद आमच्याच वर्गाशी आहे, आणि आमच्या तक्रारी तीन आहेत. योगाचे नाव सांगून आपण योगाखेरीज दुसरीच वस्तू विकत आणतो, ही पहिली. नदीचे नाव घेऊन आपण नदीकडे पाहतच नाही, केवळ तिच्या पाठीवर बसतो, ही दुसरी. आणि परक्या मुलखातील नदीस हात जोडणारे आपण घरच्या नदीकडे नाकास रुमाल लावून पाठ फिरवतो, ही तिसरी व सर्वांत गंभीर तक्रार होय.

प्रथम त्या गावाच्या नावाचाच विचार करू. ‘हृषीक’ म्हणजे इंद्रिय, आणि त्यांचा जो ‘ईश’ तो हृषीकेश. इंद्रियांवर ज्याची सत्ता चालते त्या देवाचे नाव या गावास लाभले. बोलण्यात ‘हृ’चा ‘ऋ’ झाला, पाट्यांवर ‘ऋषिकेश’ आले, आणि लोकांस ऋषींच्या केसांची आठवण होऊ लागली. परंतु मूळ अर्थ इंद्रियजयाचा आहे. आज त्याच गावी रस्त्यारस्त्याला जे विकले जाते त्याचे एका शब्दात वर्णन करावयाचे तर ‘थरार’ हाच शब्द योग्य ठरेल. कड्यावरून दोर बांधून उडी मारण्याचा थरार, तारेवरून दरी ओलांडण्याचा थरार, खळाळत्या पाण्यात उलथण्याचा थरार! इंद्रियांच्या स्वामीच्या गावी इंद्रियांना गुदगुल्या करण्याचा बाजार भरावा, यात कोणास काही विसंगत वाटत नाही, हेच आम्हांस विशेष वाटते.

हे गाव असे केव्हापासून झाले? शंभर वर्षांपूर्वी हा बदरीकेदाराच्या वाटेवरील एक मुक्काम होता. साधूंच्या झोपड्या, अन्नछत्रे, धर्मशाळा आणि पुढच्या चढणीची भीती, एवढाच त्याचा संसार. मलायात डॉक्टरी केलेला एक तमिळ गृहस्थ १९२४ साली तेथे येऊन संन्यासी झाला. तेच स्वामी शिवानंद. रोग्यांची शुश्रूषा हे त्यांच्या साधनेचे मोठे अंग होते. त्यांनी १९३६ साली दिव्य जीवन संघाची स्थापना केली. त्याच सुमारास, १९३० साली, जुना झुलता पूल पुरात वाहून गेल्यामुळे बांधलेला नवा लक्ष्मणझुला खुला झाला. पुढे १९६८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील बीटल्स या गायकांची चौकडी महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकावयास उतरली, आणि त्यांच्यामागून जगातील छायाचित्रकार उतरले. तेव्हापासून गावाचे दैव बदलले. तो आश्रम पुढे ओस पडला, त्यावर रान माजले, आणि २०१५ च्या अखेरीस तो प्रवाशांसाठी उघडण्यात आला. जेथे मौनाचा पाठ दिला गेला त्या पडक्या भिंती आज तिकीट काढून पाहाव्या लागतात, आणि पाहणारे त्यांच्यासमोर उभे राहून स्वतःचेच चित्र काढतात! लक्ष्मणझुला जीर्ण झाल्यामुळे २०१९ च्या जुलैत बंद करण्यात आला. त्याच्या शेजारी जो नवा पूल योजिला गेला त्यात काचेच्या पायवाटा ठेवण्याचे ठरले. पूल पलीकडे जाण्यासाठी असतो, ही जुनी समजूत. पायांखालची दरी पाहून छाती धडधडावी म्हणूनही तो असू शकतो, ही नवी.

आता योगाकडे वळू. हृषीकेशला ‘जगाची योगराजधानी’ म्हणण्याची चाल पडली आहे. या राजधानीत मिळणारी मुख्य वस्तू म्हणजे प्रमाणपत्र. दोनशे तासांचा अभ्यासक्रम, तो बहुधा महिन्याच्या आत पुरा, आणि तो पुरा करणारा योगाचा शिक्षक! विद्यार्थी नव्हे, शिक्षक. आम्ही आयुष्यभर वर्गात उभे राहिलो आहो. दोनशे तासांत काय शिकवून होते आणि काय होत नाही याचा आम्हांस थोडाफार अदमास आहे. तेवढ्या वेळात पदवीपरीक्षेच्या विद्यार्थ्यास एका विषयाची तोंडओळख होते. त्याच्या हाती खडू देऊन त्याला फळ्यापुढे उभे करण्याचे धाडस कोणतेही महाविद्यालय करणार नाही. परंतु ज्या विद्येबद्दल आपले पूर्वज ‘जन्म पुरत नाही’ असे म्हणत आले, ती मात्र आपण तीनचार आठवड्यांत पचवून दुसऱ्यांस वाढावयास निघतो.

यावर कोणी म्हणेल की, काही न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. चार आसने शिकून पाठीचे दुखणे थांबले तर बिघडले कोठे? काहीच बिघडले नाही. पाठीचे दुखणे थांबणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि खुर्चीवर जन्म काढणाऱ्या आमच्या वर्गास तिची नितांत गरज आहे. मात्र त्यास व्यायाम म्हणावे. पतंजलीची सूत्रे सुमारे १९५. त्यांत आसनाचा प्रत्यक्ष विचार करणारी उणीपुरी तीन. आसनाच्या आधी त्याने यम आणि नियम घातले आहेत, आणि यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह मोजले आहेत. म्हणजे शरीर वळविण्याच्या आधी वागणूक वळवावी, असा त्या शास्त्राचा क्रम आहे. सत्य न पाळता शीर्षासन करता येते, हे खरे. पण मग तो योग नसून डोके खाली पाय वर अशी नुसती स्थिती होय. दुसऱ्याच्या पाण्यात आपली घाण सोडू नये हा अहिंसेचा आणि शौचाचा अगदी पहिला पाठ. तो कोणत्या दोनशे तासांत शिकविला जातो, हे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे. कारण पुढे आम्ही ज्या नदीकडे वळणार आहोत तिला हाच प्रश्न पडला आहे.

यातील खेदाची बाब ही की, महाराष्ट्रास ही विद्या बाहेरून आणावी लागावी अशी त्याची कधीच स्थिती नव्हती. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना कुंडलिनीचे जे वर्णन मराठीत करून ठेवले आहे, ते वाचावयास कोणत्याही परदेशी प्रमाणपत्राची गरज नाही. मराठी वाचता आले म्हणजे पुरे. बरे, ज्यांस जुने नको, प्रयोगसिद्ध हवे, त्यांच्यासाठी लोणावळ्याचे कैवल्यधाम आहे. जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात् स्वामी कुवलयानंद, यांनी ते १९२४ साली स्थापिले. नौली, उड्डियान या क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहावे, दाब मोजावेत, आणि मोजलेले छापून काढावे, हा उद्योग त्यांनी त्या काळी केला. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिक त्याच वर्षी निघाले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली आले आणि पुढे जगभरचे शिष्य त्यांनी त्या शहरात खेचून आणले. आणि अगदी घरचे म्हणावयाचे तर, प्रताप नगराहून काही फार दूर नसलेल्या रामनगरात जनार्दनस्वामींनी उभे केलेले योगाभ्यासी मंडळ आहे. तेथे योग शिकविण्याचे मोल घ्यावयाचे नाही, ही स्वामींची रीत. नागपुरातील किती तरी मध्यमवर्गीय घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे सूर्यनमस्कार आणि प्राणायाम यांचे धडे घेतले आहेत.

तर मग रामनगर सोडून हृषीकेश का? उत्तर कडू आहे, पण द्यावयास हवे. रामनगरात जे मिळते ते फुकट मिळते, रोज पहाटे उठून मिळवावे लागते, आणि त्याचे चित्र काढून कोणास धाडता येत नाही. हृषीकेशला जे मिळते त्याला पैसे पडतात, ते पाच दिवसांत संपते, आणि मागे गंगा व डोंगर दिसत असल्यामुळे ते चित्रात फार शोभून दिसते. आपल्या वर्गाची खरेदीची सवय अशी झाली आहे की, ज्या वस्तूला किंमत नाही ती वस्तूच नव्हे असे वाटते. अपरिग्रह शिकण्यासाठीसुद्धा आपण खरेदीस बाहेर पडतो!

दुसरा विषय राफ्टिंगचा. येथे आमची भूमिका कोणी चुकीची समजू नये. साहसाचा आम्हांस तिटकारा नाही. ज्या पोरास विहिरीत ढकलून पोहावयास शिकविले गेले नाही त्याचे बालपण अपुरे राहिले, असे मानणाऱ्या पिढीतील आम्ही आहो. शिवाय ज्यांच्या हाती त्या होडीचे वल्हे असते ते पहाडी तरुण खरोखर धैर्याचे आणि कौशल्याचे असतात. त्यांना पाण्याची नाडी कळते. परंतु त्या होडीत बसलेल्या आमच्या मंडळींचे साहस कोणत्या जातीचे असते? अंगावर फुगीर जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, पुढेमागे जाणते नावाडी, आणि शिवपुरीपासून हृषीकेशपर्यंतच्या १६ किलोमीटरांत ठरलेल्या जागी ठरलेले धक्के. पोहता न येणाऱ्यासही बसता यावे अशी ही व्यवस्था आहे. ती असावी, परंतु मग तिला सहल म्हणावे. शिकून, पडून, पुन्हा उठून जे अंगी येते ते साहस. पैसे भरून तासाभरात जे अंगावर येते ते केवळ पाणी.

आणि त्या धक्क्यांची नावे पाहा! गंगेच्या प्रवाहातील एका उसळीला ‘रोलर कोस्टर’ म्हणतात, दुसरीला ‘गोल्फ कोर्स’, तिसरीला ‘क्लब हाउस’, चौथीला ‘डबल ट्रबल’. ज्या डोंगरी लोकांनी प्रत्येक दगडाला, प्रत्येक वळणाला देवाचे किंवा पूर्वजाचे नाव दिले, त्यांच्या नदीवर साहेबाच्या गोल्फचे मैदान अंथरले गेले. नाव ही किरकोळ बाब आहे असे कोणी समजू नये. माणूस ज्या नावाने हाक मारतो त्याच नात्याने वागतो. जिला ‘माई’ म्हटले तिच्यात उष्टे टाकताना हात थोडा तरी अडखळतो. ‘क्लब हाउस’मध्ये उष्टे टाकण्यास कोणी लाजत नाही. नदीपात्रातील वाळूवर तंबूंची वस्ती इतकी वाढली की, शेवटी राष्ट्रीय हरित लवादास डिसेंबर २०१५ मध्ये तिच्यावर निर्बंध घालावे लागले. आणि जून २०१८ मध्ये उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने, नियम आणि धोरण ठरेपर्यंत राफ्टिंगच थांबवा, असा हुकूम दिला. न्यायासनाने जे पाहिले ते प्रवाशांच्या नजरेस का येऊ नये?

न येण्याचे कारण असे की, होडीत बसलेल्याला नदी दिसत नाही, तिचा वेग तेवढा जाणवतो. हृषीकेशच्या वर, भागीरथीवर टिहरी येथे २६० मीटरांहून अधिक उंचीचे धरण आहे. त्याच्या जलाशयात जुने टिहरी शहर, त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यासह, २००५ नंतर बुडून गेले. गंगेचे पाणी हृषीकेशला केव्हा चढते आणि केव्हा उतरते हे आता केवळ हिमालयातील बर्फावर अवलंबून नाही. वीज केव्हा हवी यावरही अवलंबून आहे. हृषीकेशपाशीच पशुलोक येथे बंधारा घालून प्रवाहाचा मोठा वाटा चिल्ला येथील वीजकेंद्राकडे वळविला जातो. तेव्हा ज्या ‘अनिर्बंध’ प्रवाहावर आरूढ झाल्याचे आमचे पाहुणे सांगतात, तो बराचसा कळ दाबून सोडलेला प्रवाह आहे.

याच हृषीकेशात ११ ऑक्टोबर २०१८ रोजी एक ८६ वर्षांचा वृद्ध मरण पावला. त्याचे पूर्वाश्रमीचे नाव गुरुदास अग्रवाल. कानपूरच्या आय.आय.टी.तील हा प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पहिला सदस्य-सचिव, पुढे संन्यास घेऊन स्वामी सानंद झाला. गंगेचा प्रवाह अडवू नका, तिला कायद्याचे संरक्षण द्या, एवढ्या मागणीसाठी त्याने हरिद्वार येथे १११ दिवस उपोषण केले आणि हृषीकेशच्या रुग्णालयात देह ठेवला. यम, नियम, तप हे शब्द ज्याच्या बाबतीत शब्दशः खरे होते असा योगी त्या गावी आमच्या डोळ्यांदेखत होऊन गेला. हृषीकेशहून परतलेल्या किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे, असे आम्ही आमच्या परिचितांत विचारून पाहिले. बीटल्सची नावे पुष्कळांना सांगता आली. या प्राध्यापकाचे एकालाही नाही.

हा केवळ उत्तरेचा रोग आहे असे मात्र नाही. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कोलाड येथे कुंडलिका नदीवर हाच खेळ चालतो. तेथे योग कुंडलिनीचा, येथे वेग कुंडलिकेचा! कुंडलिकेला पावसाळ्याखेरीज इतर दिवसांतही खेळापुरते पाणी कोठून येते? मुळशीच्या धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रातून उतरून तिला मिळते म्हणून. आणि मुळशी म्हटले की मराठी माणसास सेनापती बापट आठवले पाहिजेत. टाटांच्या त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला, तो तीन वर्षे चालला, आणि शेवटी त्यांच्या भातखाचरांवर पाणी चढले. जी जमीन बुडाली तिच्यावरून आलेल्या पाण्यात आज पुण्यामुंबईचे तरुण घटकाभर किंचाळून घेतात. त्यांनी आनंद करू नये असे कोण म्हणतो? पण ज्याच्या घरावरून आपण चाललो त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे.

आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांपैकी एकाचे उत्तर येथेच दिले पाहिजे, कारण तो खरोखरीच वजनदार आहे. हे सर्व बंद झाले तर पहाडातील तरुणांनी खावे काय? नापीक शेती, ओस पडणारी गावे, दिल्लीच्या हॉटेलांतील नोकऱ्या, यांपेक्षा आपल्याच नदीवर वल्हे मारून मिळविलेली भाकरी शतपट चांगली. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु त्या भाकरीचे मूळ नदीत आहे. पाणी आटले, घाण झाले, किंवा वाळूचे काठ बाटल्यांनी भरले, तर पहिल्याने उपाशी मरणार तो हाच तरुण; त्याचे गिऱ्हाईक दुसरे गाव शोधील. म्हणून नदीची बाजू घेणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे नव्हे. हंगामात किती होड्या सोडाव्या, किती माणसे उतरवावी, यावर मर्यादा घातली तर त्याचा धंदा टिकतो. मर्यादा न घातल्यास तो चार वर्षे फुगतो आणि मग बसतो.

असो. हृषीकेश फार दूर आहे, आणि तेथील बरेवाईट तेथील लोकांनी पाहावे. आमची तिसरी तक्रार मात्र नागपुराची आहे, आणि तीत आम्हां सर्वांना उत्तर द्यावे लागेल.

आमच्या या शहराला नाव दिले ते एका नदीने. पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांकडून निघून, अंबाझरीस येऊन, शहराच्या पोटातून पूर्वेस जाणारी ती नागनदी. आज तिला नदी म्हणणारा माणूस विरळा. घरोघर तिचे नाव ‘नाला’ असे आहे. वर आम्ही नावाचे माहात्म्य सांगितले त्याचे प्रत्यंतर येथे पाहावे. नदीला नाला म्हटले की तीत सांडपाणी सोडण्यास हरकत उरत नाही, काठ चोरून त्यावर घर बांधण्यास हरकत उरत नाही, आणि पुलावरून जाताना गाडीची काच वर चढविली की नागरिकाचे कर्तव्य संपते. परंतु नदी आपले नाव विसरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहू लागली, आणि आमच्या शहरातील उत्तम वस्त्यांतल्या तळमजल्यांत छातीइतके पाणी शिरले. गाड्या तरंगल्या, माणसे दगावली, सैन्यास होड्या घेऊन यावे लागले. ज्यांनी पैसे भरून दूरदेशी होडीत बसण्याची हौस पुरविली होती, त्यांना नागपुरात फुकट होडीत बसावे लागले! हे विनोदाने लिहीत नाही. नदीकाठची शिस्त आपण मोडली, तिचा दंड नदीने वसूल केला.

आता ही नदी पुढे जाते कोठे, याची चौकशी फारच थोडे नागपूरकर करतात. पिवळी नदीला घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि शहराची घाण गोसीखुर्दच्या विशाल जलाशयात जाऊन विसावते. भांडेवाडी येथे सांडपाण्याचा मोठा भाग शुद्ध केला जातो, आणि त्यातील पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविले जाते, हे आपल्या महानगरपालिकेच्या नावे जमा केले पाहिजे. पण जे शुद्ध होत नाही ते भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आणि मच्छीमाराच्या वाट्यास येते. आमच्या न्हाणीघरातून निघालेले पाणी त्याच्या जाळ्यात जाते. नागनदीच्या शुद्धीची सुमारे २,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाल्याचे आपण कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहो. वाचणे आणि पुलावरून काच वर करून जाणे ही दोन्ही कामे आपण नियमाने करतो.

कन्हान आणि वैनगंगा यांच्या संगमावर, कुही तालुक्यात, अंभोरा नावाचे स्थान आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि आमची नाग अशा पाच नद्यांचा तो संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मराठी भाषेतील आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे तो मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ साली, येथे रचला गेला, अशी परंपरा आहे. अंबेजोगाईकरांचा त्यावर दावा आहे, आणि त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. वैदर्भीयांस ते स्थान मराठी वाङ्मयाचे जन्मस्थान वाटते एवढे पुरे. म्हणजे स्थिती अशी की, जेथे आपल्या भाषेतील पहिला अध्यात्मविचार लिहिला गेला असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच पायथ्याशी आपण आपल्या शहराचे मलमूत्र रोज पोहोचते करतो.

आणि आता त्या अंभोऱ्यास पर्यटनाचे भाग्य उजाडत आहे. तारांनी तोललेला देखणा पूल तेथे २०२४ साली खुला झाला. त्याच्या मनोऱ्यांमध्ये उंचावर उभे राहून संगम पाहण्याची सोय आहे. गोसीखुर्दच्या पाण्यावर जलक्रीडा, होड्या, विहार यांच्या योजना निघाल्या आहेत. पूल चांगला आहे; त्याने लोकांचे कित्येक मैलांचे वळण वाचले, आणि आम्ही त्याची मनापासून स्तुती करतो. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी पाणी, मग पाण्यावरचा खेळ. ज्या जलाशयासाठी गावेच्या गावे उठली, ज्यांच्या पुनर्वसनाची रडकथा १९८८ च्या पायाभरणीपासून चालत आली, त्या जलाशयात पाहुण्यांना होडीतून फिरविण्यापूर्वी त्याच्या काठच्या माणसास निर्मळ पाणी मिळाले पाहिजे. हा क्रम चुकला तर अंभोऱ्याचे हृषीकेश होईल, आणि तेही गंगेवाचून.

एकनाथांची ती कथा मराठी घरात कोणास सांगावयास नको. काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराकडे निघालेले नाथ वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव पाहतात आणि ती कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. बरोबरचे यात्रेकरू हळहळले. नाथांचा रामेश्वर तेथेच पावला. या कथेचा अर्थ आपण भूतदया असा लावतो, आणि तो बरोबरच आहे. पण तीत तीर्थयात्रेचेही एक शास्त्र सांगितले आहे. तीर्थाचे पाणी दूरवर नेण्यासाठी नसते. वाटेत ज्याचा घसा सुकला त्याच्यासाठी असते. आपण नेमके उलटे केले. समोरचे तहानलेले सोडून आपण कावड घेऊन पुढेच चाललो आहो, आणि कावडही प्लास्टिकच्या बाटलीची आहे.

तेव्हा आमची मागणी काय? कोणी हृषीकेशला जाऊ नये, अशी मुळीच नाही. जावे, पण ऋण फेडून जावे. ज्यांस योगाची आवड आहे त्यांनी आधी रामनगरात एक वर्ष पहाट जागवावी. वर्षानंतरही हृषीकेशची ओढ उरली तर ती खरी समजावी. ज्यांस नदीची आवड आहे त्यांनी एका रविवारी मुलाबाळांसह अंबाझरीपासून निघून नागनदीच्या काठाने जमेल तितके चालावे, आणि ती कोठे नदी असते व कोठे नाला होते हे मुलांस बोटाने दाखवावे. आपल्या घराचे, आपल्या सदनिकांच्या इमारतीचे सांडपाणी गटारवाहिनीस जोडले आहे की पावसाच्या नालीत सोडले आहे, याची चौकशी सोसायटीच्या सभेत करावी. रंगरंगोटीच्या ठरावाआधी हा ठराव मांडावा. नगरसेवक मते मागावयास येईल तेव्हा रस्त्याबरोबर नदीचाही जाब विचारावा. आणि अंभोऱ्यास पहिली क्रीडानौका सुटण्यापूर्वी तेथील पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्यास काठावर फलक लावून जाहीर करावेत, असा आग्रह नागपूरच्या सुशिक्षितांनी धरावा. घाण त्यांची आहे. लाजही त्यांनाच वाटली पाहिजे.

हे सारे नीरस आहे, यात थरार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. गटारवाहिनीच्या ठरावाचे चित्र काढून कोणी मित्रांस धाडणार नाही. परंतु यम आणि नियम यांचेही चित्र कधी निघत नाही, आणि त्यांच्यावाचून पुढची सहा अंगे उभी राहत नाहीत. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने गंगा ही कायद्याने व्यक्ती आहे असे ठरविले. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. नदी व्यक्ती आहे की नाही याचा निकाल न्यायालये लावोत. तिच्या काठी राहणारे आपण माणसे आहो की नाही, याचा निकाल मात्र नागनदीच्या पुलावर रोज लागत असतो, आणि तूर्त तो आपल्या विरुद्ध आहे.